खिळ्यावरचं पांढरं कापड

मोरू, तुझं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लसूण परतली. तीन वर्षांत पहिल्यांदा. कढईत पाकळ्या तडतडल्या आणि माझा हात उलथन्यावरच थांबला. वाटलं, आता पडवीतून आवाज येणार, "ताय! लसूण? घर उडवतेस काय गो?" मी कान देऊन उभी राहिले. परसात कोंबडी माती उकरत होती, तेवढाच आवाज. लसूण करपली. मी कढई खाली उतरवली आणि तिथंच चुलीपाशी बसले. माणूस गेल्यावर मागच्याला काय काय परत मिळतं बघ. मला लसूण मिळाली.

बाहेरच्या कुणाला सांगितलं तर हसतील. सातपाटीत, कोळणीच्या घरात, लसूण बंद! सुकट लसणीशिवाय, जवळा लसणीशिवाय. पण तुझं म्हणणं साधं होतं. तुझ्या वेल्डिंगचा तो मातकट तांबडा बाटला, त्यातला गॅस गळायला लागला तर लसणीसारखा वास येतो. घरात आधीच लसणीचा वास भरला असेल तर गळती कळणार कशी? "नाक रिकामं पायजे, ताय," तू म्हणायचास. मी म्हणायची, "नाक रिकामं ठेव आणि पोट पन." तीन वर्षं आपण या एका गोष्टीवरून भांडलो. भांडण संपलं नव्हतं, मोरू. मी शेवटचं बोलायची बाकी होते. आता मी बोलले तरी तो शेवट व्हायचा नाही.

तू माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मी नवरा गेल्यावर माहेरी परत आले तेव्हा तुझे पुढचे दात पडलेले होते, आणि आई दोन पावसाळ्यांत गेली. मग तू माझाच. अक्षरं मी तुझ्या पाटीवरूनच शिकले, तू गिरवायचास आणि मी भाकरी थापता थापता बघायची. म्हणून माझं लिहिणं असं आहे, बोलल्यासारखं. शाळेतलं शुद्ध मला येत नाही आणि तुझ्याशी शुद्ध बोलायचं तरी कशाला.

तारापूरला विजेचं मोठं घर बांधायला घेतलं तेव्हा तू पाइप उचलायच्या कामावर गेलास. दोन महिन्यांनी आलास तो डोळे लाल करून आणि तोंडात हिंदी घेऊन. उत्तरेकडचा कोणी मिस्त्री तुला जोडकाम शिकवत होता. "ताय, आगीनं लोखंड शिवतात," तू म्हणालास. "सुईशिवाय." त्या रात्रीच्या जेवणात तू मला आगीचे तीन रंग सांगितलेस आणि तुझं कालवण गार झालं. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. आई असती तर तिनंही तसंच बघितलं असतं.

मग तू ते काम सोडून घरी वेल्डिंग लावायचं काढलंस. गावातल्या बोटींना नुकतीच इंजिनं बसायला लागली होती. लोखंड मोडलं की बोट बसून राहायची आणि तुकडा मुंबईला जायचा. तू म्हणालास, इथंच जोडीन. मी म्हणाले, जोड, पण घरात आग नको. झालं, दुसरं भांडण सुरू.

पालघरला बाटले घ्यायला आपण दोघं गेलो होतो. माझी टोपली बाजारात विकून झाली होती, म्हणून मी तुझ्याबरोबर त्या दुकानाच्या मागच्या आवारात आले. बाटले रांगेनं उभे. तू एकेकाच्या गळ्याशी वाकून ठोकलेले आकडे वाचत होतास, तपासणी कधी झाली ते. बोटाच्या मागच्या बाजूनं ठोकत होतास. एकाला पोचा होता, सोडलास. एकाच्या बुडाला गंजानं खड्डे पडले होते, सोडलास. एकाच्या डोक्यावर टोपी नव्हती, तर विचारलंस, "याची टोपी?" दुकानदार म्हणाला, "आहे हो कुठंतरी." तू म्हणालास, "मंग याला पन कुठंतरीच राहू दे."

दुकानदार वैतागला. "अरे, बाटला घेतोयस का पापलेट?"

मी मध्ये तोंड घातलं. "पापलेट असतं तर मी कल्ला उघडून बघितला असता. याला कल्ला नाय म्हणून तो गळा बघतोय." सगळे हसले. तू सगळ्यांत जास्त हसलास. आणि मग हळूच माझ्या कानाशी म्हणालास, "ताय, हे पन शिळं निघालं तर मानूस मरतो."

मी ते ऐकलं, मोरू. तेव्हाच ऐकलं.

दुकानदार मोठे बाटले गळ्यात मारत होता. तू मधल्या मापाचे घेतलेस. आपलं घर लहान, जमीन शेणानं सारवलेली, उंचसखल. मोठा बाटला कलंडला तर उचलणार कोण, तू आणि मी? दोन काळे, प्राणवायूचे. एक तांबडा, गॅसचा. दोघांचे आटे एकमेकांच्या उलटे असतात हे तू मला गाडीतच शिकवलंस, म्हणजे चुकून एकाचं दुसऱ्याला लागू नये. मी म्हणाले, हे शहाणपण माणसांच्या लग्नात का नाही ठेवलं?

लग्नाचंही राहिलंच की. मासवणच्या मुलीचं मी दोनदा बोलणं लावलं, दोन्ही वेळा तू म्हणालास, "घरात तीन उभे हायत, चौथी कुठं उभी करू?" मी चिडायची. आता वाटतं, बरं झालं. लगेच वाटतं, काय बरं झालं? मी एकटीच रडते आहे, बरोबर रडायला कोणी असतं.

घर तू किती बदललंस! चूल परसात गेली, झापांचा आडोसा करून दिलास, तरी वारा आला की माझ्या डोळ्यांत राख. काळे बाटले पडवीच्या एका टोकाला, तांबडा दुसऱ्या टोकाला, मध्ये कुडाची भिंत. मी त्यांना जाळ्याच्या दोरीनं खांबाला बांधून ठेवलं, चांगली कोळ्याची गाठ मारून. तू बघितलंस आणि पोट धरून हसलास. "ताय, दोरी जळते!" मग साखळी आणलीस. तांबडा कधी आडवा झोपवायचा नाही. कधी आडवा करावा लागलाच तर उभा करून अर्धा दिवस तसाच ठेवायचा, मगच चावी. चावी हळू फिरवायची. उघडताना घड्याळासमोर तोंड न्यायचं नाही, बाजूला उभं राहायचं. ते दाबाचं यंत्र, त्याला मी घड्याळ म्हणायची, कारण काटा होता. तू मग स्वतःही घड्याळच म्हणायला लागलास.

आणि माझं काम तुला आठवतं? फेसाचं. साबणाचा घट्ट फेस करून कोंबडीच्या पिसानं मी सगळ्या सांध्यांवर लावायची. बुडबुडा फुगला की गळती. तू लांब उभा राहून विचारायचास, "फेसवाली, काय म्हनतो सांधा?" मी म्हणायची, "झोपलाय." एकदाच बुडबुडा आला होता. केवढा आनंद झाला मला! मी ओरडले, "बोलला, बोलला!" तू धावत येऊन चावी बंद केलीस आणि माझ्या डोक्यावर टपली मारलीस. मोठ्या बहिणीच्या डोक्यावर.

आता मुख्य गोष्टीकडे येते. इतका वेळ आजूबाजूला फिरते आहे ते तुला कळतच असेल.

काळ्या बाटल्याला तेल चालत नाही. तेल, तूप, ग्रीस, काहीच नाही. तू हे मला पहिल्याच दिवशी सांगितलंस, आणि मी विचारलं, खोबरेल तरी? समुद्राकाठचं लोखंड आहे बाबा, खारं वारं आठवड्यात खातं. आपल्याकडे कोयता, बिजागरी, विहिरीची कप्पी, सगळ्याला तेल लागतं. तू माझे दोन्ही हात धरून सांगितलंस, "खोबरेल नाय. तूप नाय. मुशीच्या काळजाचं नाय. तुझ्या केसांचं पन नाय. त्या वाऱ्यात तेल आपोआप पेटतं, ताय. काडी लागत नाय." मी त्यानंतर पडवी झाडताना डोक्यावर पदर घ्यायची.

म्हणून ते पांढरं कापड. बाबांच्या जुन्या धोतराचा हातभर तुकडा, तुझ्या खिळ्यावर टांगलेला. घड्याळ बसवायच्या आधी तू त्या कापडानं बाटल्याचं तोंड आतून पुसायचास आणि कापड उजेडात धरायचास. "पांढरं कशाला?" मी विचारलं होतं. "डाग लपू नये म्हनून. नाक फसतं, कापड फसत नाय." डाग दिसला तर त्या दिवशी काम बंद, आधी बाटल्याचं तोंड साफ.

त्या दिवशी सकाळी मी ते कापड धुतलं.

कोणी सांगितलं नव्हतं. धुळीनं मळलं होतं. नारळी पुनव होऊन गेली होती, बोटी पाण्यात घालायची घाई, गावभर डांबराचा आणि मुशीच्या तेलाचा वास. मला वाटलं, मोरूचं कापड तेवढं स्वच्छ असू दे. वेगळ्या पाण्यात, नव्या साबणानं धुतलं, बाकीच्या कपड्यांत मिसळलं नाही, बघ, एवढं डोकं चालवलं. आणि ऊन पडलंच नाही.

हिराजी नाखव्याच्या बोटीच्या सुकाणूची कडी मोडली होती. भरती दुपारची. नाखवा स्वतः बैलगाडी घेऊन बाटले न्यायला आला, कारण तुझे बाटले तो दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसे. सत्तरीचा माणूस, गाडीत बाटल्याला मिठी मारून बसला, वरातीत म्हाताऱ्याला धरतात तसा. तू पुढं चालत निघालास आणि दारातून वळलास.

"ताय, कापड?"

"ओलं हाय रे."

"राहू दे."

एवढंच. मी त्या दोन शब्दांवर दिवस काढते. तू रागावला नाहीस. तू मला दुसरं कापड दे म्हणाला असतास तर मी धोतर फाडून दिलं असतं. मी का नाही आपणहून फाडलं? तुझी पाठ दिसत होती, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी पाट्यावरचं मीठ वाटत राहिले.

नाखव्याचं काय सांगू, तुला सगळं ठाऊकच आहे. गावात कुठलंही लोखंड पाण्यात जाण्याआधी त्याच्या हातून तेल घेतं. नांगर असो, सुकाणू असो, इंजिनाचा पंखा असो. कमरेला शिंपल्यासारखी ती लहानशी बाटली, मुशी माशाचं पिवळं तेल, आणि एक फडकं. लोखंडाला पोरासारखं चोळतो. इंजिनं आली तेव्हा तरुण पोरं हसली, तर म्हणाला, "मशीन झालं म्हनून काय झालं, अंग तर लोखंडाचंच हाय ना. त्याला उपाशी ठेवता काय?" आणि त्यानं चोळलेलं लोखंड खरंच गंजत नसे. हे तूही मान्य करायचास. लहानपणी तुझी छाती भरली होती तेव्हा त्यानंच हेच तेल तुझ्या छातीला चोळलं होतं.

तिकडे वाळूत काय झालं ते मी बघितलं नाही. लोक धावत आले तेव्हा मी मिठाच्या हातानंच धावले. कडी उतरवून वाळूत ठेवलेली होती. बाटला उभा होता. घड्याळ नव्हतं, त्याच्या जागी काळं काहीतरी. आणि तू ओल्या शिडात गुंडाळलेला, नाखव्यानं गुंडाळलेला.

पालघरच्या दवाखान्यात चार दिवस. तू पाणी मागत होतास आणि देऊ द्यायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी तू शुद्धीवर येऊन नीट बोललास. म्हणालास, "ताय, तोंडाला तेल होतं. भडका पिवळा आला."

मी म्हटलं, "कुनाचं तेल रे?"

तू डोळे मिटलेस. मिटल्या डोळ्यांनीच विचारलंस, "नाखव्याचे हात भाजले काय?"

मी म्हटलं, थोडे. तू म्हणालास, "त्याला खोबरेल लाव." आणि मग तुझ्या ओठांच्या कडेला जरासं हसू आलं. खोबरेल म्हणताना आलं. मला वाटलं, आता हा वाचतो. मी तेव्हाच कापडाचं बोलायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, मोरू, कापड मी ओलं केलं रे. मनात जुळवत होते. तू चौथ्या दिवशी दुपारी गेलास आणि ते माझ्या तोंडातच राहिलं. आता इथं लिहिलं. पण हे सांगणं नव्हे. सांगण्याला समोर ऐकणारा लागतो.

तू गेल्यापासून नाखवा रोज येतो. हातांना फडकी गुंडाळलेली, येऊन ओट्यावर बसतो. पाचव्या का सहाव्या दिवशी तो बोलायला लागला.

"जानकी, त्या पालघरच्या दुकानदाराला मी सोडनार नाय. खराब माल दिला त्यानं मोरूला."

मी म्हटलं, "मोरूनं निवडून घेतला होता, नाखवा."

"वरून निवडला गो. आतलं कुनाला दिसतंय? नायतर असं कसं होईल? मी तर सगळी तयारी करून ठेवली होती. तो तिकडं कडी उतरवत होता, मी इकडं टोपी काढली. चावीचं डोकं खाऱ्यानं धरलं होतं, तर मी तेल दिलं. तोंडात वाळू गेली असंल म्हनून आत पन बोट फिरवलं फडक्याचं. कशी फिरत होती चावी, लोन्यावानी! मोरूला म्हटलं, फिरव आता. तरी दगा दिला बघ."

माझ्या हातात तांदळाचं सूप होतं. मी पाखडत राहिले. न थांबताच विचारलं, "मोरू तुमाला तेलाचं कधी बोलला नवता?"

"बोलला होता की! इंजिनाचं काळं तेल लावू नको म्हनाला. ते मी हातानं पन शिवलो नाय. हे तर आपलं मुशीचं. पोरांच्या अंगाला लावतो ते. याच्यानं कुनाचं वाईट झालंय?"

त्याचे डोळे इतके स्वच्छ होते, मोरू. लहान मुलाचे असतात तसे. त्या वेळी त्याच्या अंगाला तेलाचा वास येत असेलच, आणि मला तो आला नाही. मला तो कधीच येत नाही. गॅसच्या बाटल्यासाठी तू घरातून लसूण काढलीस; पण ज्या वासात आपण जन्मलो तो कसा काढणार होतास? आपल्या कुडाच्या भिंतीत तो आहे, तुझ्या पाळण्याच्या दोरीत होता. त्या दिवशी बाटल्याच्या तोंडाशी वाकताना तुलाही तो आला नसेल. म्हणून तर तू कापड ठेवलं होतंस. नाक फसतं.

त्या दिवसापासून माझ्या जिवाला एकच घोर. सांगावं की न सांगावं?

सांगितलं तर हा म्हातारा मरेल. त्याचा मुलगा समुद्रात गेलेला तुला आठवतो, त्यानंतर तो तुझ्यावरच जगला. त्याला मी कोणत्या तोंडानं म्हणू, तुमच्या मायेच्या हातानं झालं? आणि नाही सांगितलं तर तो हात थांबणार नाही. दुकानदाराला तो गावभर शिव्या देतो आहे, त्या बिचाऱ्यानं काय केलं? त्याहून मोठं म्हणजे, कुंभवलीचा रघुनाथ, तुझ्याबरोबर तारापूरला कामाला होता तो, तुझे उरलेले बाटले घेऊन इथंच वेल्डिंग सुरू करायचं म्हणत होता. दोन बोटी त्याची वाट बघत होत्या. नाखवा त्याच्याही बाटल्याला तेल देणार. आणि जास्तच देणार, मोरूच्या वेळी कमी पडलं असेल म्हणून.

मी तुझ्या फोटोला विचारलं असं म्हणेन तर खोटं. तुझा फोटोच नाही. तुझ्या साखळीला विचारलं, खांबाला अडकवलेली असते ती. लोखंड कसलं बोलतंय.

एकदा मी ठरवलं होतं. तो आला, मी तोंड उघडलं, आणि तो म्हणाला, "जानकी, मला मोरूचं एक काहीतरी दे, जवळ ठेवायला." मी तुझा काळा चष्मा दिला. त्यानं डोळ्यांना लावला आणि सूर्याकडे बघितलं. म्हणाला, "याच्यातून दुपार पन संध्याकाळ दिसते गो." सांगणं राहिलं. आणखी दोन दिवस गेले.

काल रघुनाथ गाडी घेऊन आला. चांगला मुलगा आहे, तुझ्यासारखाच आधी बाटल्याच्या गळ्याशी वाकला, आकडे वाचले. टोपी फिरवून बघितली, घट्ट होती. मला जरा बरं वाटलं. नाखवा ओट्यावर होता. त्यानं रघुनाथाला साखळी काढायला मदत केली, फडकी सुटली होती, हात नव्या कातडीनं गुलाबी झालेत. मग म्हणाला, "थांब जरा."

आणि त्यानं टोपी फिरवून काढली.

"मोरूच्या घरून जातोय तो," नाखवा म्हणाला. "उपाशी जाऊ द्यायचा नाय." कमरेची बाटली काढली, फडकं काढलं, फडक्यावर तेल ओतलं. पिवळं, दाट.

मी कशी उठले ते मला माहीत नाही. माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. मी त्याचं मनगट धरलं, दोन्ही हातांनी, तू माझे धरले होतेस तसं.

"सोड गो, काय झालं?"

"नको, नाखवा."

"अगं, दोन थेंब."

"नको. हे पन तेलच."

"हे?"

"हे."

तो हसला आधी. मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू राहून गेलं. त्यानं फडक्याकडे बघितलं. बाटल्याच्या उघड्या तोंडाकडे बघितलं. मग आपल्या हातांकडे. रघुनाथ काही बोलायला पुढं झाला, मी मान हलवली तसा थांबला.

"त्या दिवशी," नाखवा म्हणाला, "त्या दिवशी पन मी..."

त्याला वाक्य पुरं करू द्यायचं नव्हतं मला. म्हणून मी घाईनं माझं सांगून टाकलं. "मोरू तोंड पुसून बघायचा, पांढऱ्या कापडानं. ते कापड मी त्याच सकाळी धुतलं. ओलं होतं. त्यानं मागितलं आणि मी ओलं हाय म्हनाले. कापड असतं तर त्याला डाग दिसला असता. तुमी एकटे नाय, नाखवा. आपन दोघांनी."

मला वाटत होतं, अर्धं मी घेतलं की त्याचं अर्धं होईल. तसं होत नाही रे. त्याचंही पुरं राहिलं आणि माझंही पुरं.

तो रडला नाही. मग विचारलं, "मोरूला ठाऊक होतं?"

मी म्हटलं, "तुमचे हात भाजले काय, एवढंच विचारलं त्यानं."

तेव्हा तो खाली बसला, पडवीतच, काळ्या बाटल्याच्या पायाशी. रघुनाथानं हळूच टोपी बसवली आणि बाटला गाडीकडे नेला. तांबडाही नेला. गाडी गेली तेव्हा तिच्या चाकांचा आवाज पार वळणापर्यंत येत होता. पडवीत जिथं बाटले उभे असायचे तिथं शेणाच्या जमिनीत तीन गोल खळगे राहिलेत. ते मी सारवणार नाही. किंवा सारवीन, ठाऊक नाही.

मग नाखवा म्हणाला, "साबन दे."

मी फेसाचा साबण दिला, तुझाच. तो न्हाणीच्या दगडाशी बसला आणि हात धुवायला लागला. कोपरापर्यंत. नव्या कातडीला झोंबत असेल. मी पाणी ओतत होते. धुतलं, परत साबण लावला, परत धुतलं. नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या. सत्तर वर्षांचं तेल ते. तो वर न बघता विचारायचा, "गेलं काय गो?" आणि मी म्हणायची, "जातंय."

शेवटी त्यानं दोन्ही हात माझ्या नाकापुढे धरले. "वास बघ."

मी वास घेतला. मला कसला येणार वास?

म्हणून मी आत गेले आणि खिळ्यावरचं कापड आणलं. आता ते कोरडं खडखडीत होतं. त्याचे हात मी त्यानं पुसले, एकेक बोट, तू बाटल्याचं तोंड पुसायचास तसं हळू. मग उजेडाकडे वळून कापड बघितलं. नाखवा माझ्या पाठीमागे श्वास धरून बसला होता.

डाग होता, मोरू. पिवळट, बोटांच्या आकाराचा.

मी डाग आत घेऊन घडी घातली आणि म्हटलं, "साफ हाय, नाखवा."

तो गेला घरी. कमरेची बाटली ओट्यावरच ठेवून गेला. ती तिथंच आहे, मी हलवली नाही. कापड तुझ्या खिळ्यावर टांगलंय, तशीच घडी. या वेळी मी ते धुतलेलं नाही.